गुन्हा एकाचा, गोत्यात सगळं घर

खुनाची किंवा जीवघेण्या अपघाताची बातमी वाचताना शेवटच्या ओळीत एक कलम हमखास भेटतं. पूर्वी ते भारतीय दंड संहितेचं २०१ होतं; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ते २३८ झालं. आकडा बदलला, मजकूर जवळपास तोच राहिला: गुन्ह्याचा पुरावा नाहीसा करणं किंवा गुन्हेगाराला वाचवण्यासाठी खोटी माहिती देणं. वाचणारा ती ओळ ओलांडून पुढच्या बातमीकडे वळतो, कारण मुख्य गुन्हा वर येऊन गेलेला असतो. पण या कलमात आणि त्याच्या शेजारच्या कलमांत सापडणारी माणसं क्वचितच सराईत असतात. आई असते, काका असतो, मित्र असतो, गॅरेजवाला असतो, गेस्ट हाउसचा मॅनेजर असतो. ‘आम्ही काय केलं? पोराला जरा सांभाळून घेतलं एवढंच’, असं त्यांना अगदी आरोपपत्र हातात पडेपर्यंत वाटत असतं.

एक काल्पनिक प्रसंग घेऊ. रात्री साडेअकराच्या सुमाराला म्हापशाहून डिचोलीकडे येणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाच्या गाडीची धडक एका स्कूटरस्वाराला बसते. मुलगा थांबत नाही. स्कूटरस्वार गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) पोचण्याआधीच दगावतो. इकडे मुलगा घरी येऊन बाबांना सगळं सांगतो. बाबा गाडी परसात नेतात, आई पाइप लावून पुढचा भाग धुऊन काढते. सकाळी ओळखीच्या गॅरेजमध्ये नवा बंपर आणि नवा हेडलाइट बसतो. मुलाची रवानगी वाळपईला काकांकडे होते. तिठ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात गाडी आली असणार, म्हणून बाबा दुकानदाराला शब्द टाकतात आणि तो फुटेज उडवतो. तिसऱ्या दिवशी पोलीस दारात येतात, तेव्हा बाबा सांगतात, “गाडी मीच चालवत होतो.”

मुलावरचा मूळ गुन्हा म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होणं, न्याय संहितेचं कलम १०६, पोटकलम १. जास्तीत जास्त पाच वर्षं. अपघात करून पळ काढणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारं दुसरं पोटकलम संहितेत छापलेलं आहे, पण ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर संहिता लागू करताना सरकारने ते बाजूला ठेवलं. जखमीला दवाखान्यात न नेता निघून जाणं हा मोटार वाहन कायद्याखाली वेगळा गुन्हा आहेच. म्हणजे रात्री बारापर्यंत आरोपी एकच होता. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच घरातून आणि आसपासून आणखी चार-पाच जण तयार झाले.

माहीत होतं का?

कलम २३८ लावायला चार गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. मुळात गुन्हा घडलेला असला पाहिजे. तो घडल्याचं त्या माणसाला माहीत असलं पाहिजे, किंवा तसं मानायला पुरेसं कारण असलं पाहिजे. त्याने पुरावा नाहीसा केला असला पाहिजे किंवा जाणूनबुजून खोटी माहिती दिली असली पाहिजे. आणि हे सगळं गुन्हेगाराला शिक्षेपासून वाचवण्याच्या हेतूने केलेलं असलं पाहिजे. यातला एक धागा तुटला तरी खटला कोसळतो. १९५२ सालच्या पलविंदर कौर खटल्यात पतीचा मृतदेह ट्रंकेत, ट्रंक विहिरीत, असा प्रकार होता. संशयाला भरपूर जागा होती. तरीही सर्वोच्च न्यायालयाने तिला सोडलं, कारण तो मृत्यू गुन्ह्यातूनच झाला हे सरकार पक्षाला पुराव्यानिशी दाखवता आलं नाही. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याच्या जागी बसत नाही.

सगळ्यात कळीचा प्रश्न असतो जाणिवेचा. गॅरेजवाल्याचंच बघा. ‘रस्त्यात गाय आडवी आली’ असं सांगून कुणी बंपर बदलून घेतला, तर गॅरेजवाला निर्दोष. पण सकाळी पेपरात अपघाताची बातमी आलेली, गाडी त्याच रस्त्यावरची, बंपरला कापडाचा तुकडा अडकलेला, आणि मालक म्हणतो ‘जुना बंपर इथे ठेवू नको, कुठेतरी टाकून दे’. आता ‘मला काय माहीत’ हे उत्तर कोर्टात टिकणं कठीण. मानायला पुरेसं कारण होतं का, एवढंच न्यायाधीश विचारतील. डोळे मिटून घेतल्याचा फायदा कायदा सहसा देत नाही.

उलट बाजूचं एक उदाहरण गोव्यातलंच आहे. जानेवारी २०२४ मध्ये कांदोळीच्या एका सर्व्हिस अपार्टमेंटमधून एक महिला टॅक्सीने बेंगळुरूकडे निघाली. ती गेल्यावर खोली साफ करताना रक्ताचे डाग दिसले. पोलिसांनी टॅक्सीचालकाला फोन लावला, प्रवाशाला कळू नये म्हणून त्याच्याशी कोकणीतून बोलले आणि गाडी जवळच्या पोलीस ठाण्यात न्यायला सांगितली. चालकाने चित्रदुर्ग जिल्ह्यात ते केलं. बॅगेत तिच्या चार वर्षांच्या मुलाचा मृतदेह मिळाला, असं पोलिसांचं म्हणणं आहे. दोष कुणाचा आणि किती ते न्यायालय ठरवेल. इथे आपल्याला पाहायचंय ते चालकाकडे. गुन्हेगाराला आसरा देणं हाही वेगळा गुन्हा आहे, आणि आसरा देण्याच्या कायदेशीर व्याख्येत घर, जेवण, पैसे, कपडे यांच्याबरोबर वाहनसुद्धा येतं. तो तर शेकडो किलोमीटर गाडी चालवत गेला होता. तरीही त्याच्यावर बालंट येण्याचा प्रश्न नव्हता, कारण आपण काय वाहून नेतोय हेच त्याला माहीत नव्हतं. फोन आल्यावर सगळं समजूनही त्याने गाडी पुढे दामटली असती, तर मात्र त्या क्षणापासून हिशेब बदलला असता.

शिक्षा मूळ गुन्ह्याच्या मापाने

लपवण्याची शिक्षा ठरते ती काय लपवलं त्यावरून. मूळ गुन्ह्याला फाशी होऊ शकत असेल, म्हणजे खुनासारखा असेल, तर पुरावा नष्ट करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्याहून हलका असेल तर मूळ गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक चतुर्थांश, किंवा दंड, किंवा दोन्ही.

आपल्या प्रसंगात पाच वर्षांचा चौथा हिस्सा, म्हणजे सव्वा वर्ष. आईने बंपर धुतला त्याला सव्वा वर्षापर्यंत, बाबांनी ‘मी चालवत होतो’ म्हटलं त्याला सव्वा वर्षापर्यंत. पण समजा, मुलगा किनारपट्टीवरच्या पार्टीतून पिऊन निघाला होता आणि तपासाअंती न्यायालयाला यात सदोष मनुष्यवध दिसला, तर मूळ गुन्हा वरच्या पायरीवर जातो आणि आईबाबांची कमाल शिक्षाही आपोआप तीन वर्षांवर जाते. त्यांनी त्या रात्री जे केलं त्यात मात्र तसूभरही फरक पडलेला नसतो. कलम २३८ जामीनपात्र आहे, त्यामुळे लोक ते हलक्यात घेतात. पण दोषी ठरल्यावर सरकारी नोकरीत किंवा पासपोर्ट, व्हिसाच्या कामात ती नोंद आडवी येते, आणि अर्ध्या गावाची माणसं परदेशात असलेल्या गोव्यात हे काही छोटं प्रकरण नव्हे.

खुद्द गुन्हेगारालाही हे कलम लागतं का? लागतं. १९५३ च्या कलावती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दुसऱ्याला वाचवणाऱ्यापुरतं ते मर्यादित नाही. ज्याने मूळ गुन्हा केला त्यालाही ते लावता येतं. फेब्रुवारी २००८ मध्ये हणजूणच्या किनाऱ्यावर पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला, ते प्रकरण अनेकांना आठवत असेल. आधी बुडून मृत्यू झाल्याचं सांगितलं गेलं. दुसऱ्या शवचिकित्सेत अंगावरच्या जखमा पुढे आल्या. २०१६ मध्ये बाल न्यायालयाने दोघाही आरोपींना सोडलं, आणि जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यातल्या एकाला सदोष मनुष्यवधासह इतर कलमांखाली दोषी धरून दहा वर्षांची शिक्षा दिली. त्या इतर कलमांत पुरावा नष्ट करण्याचं जुनं २०१ होतंच.

तिठ्यावरच्या दुकानदाराकडे येऊ. पुरावा म्हणून कोर्टात मागवता येईल असा कागद किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद, ती कोर्टात येऊ नये म्हणून नष्ट करणं हा कलम २४१ चा स्वतंत्र गुन्हा आहे. सीसीटीव्हीचं फुटेज, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, रेंट-अ-कॅबच्या भाड्याची ऑनलाइन नोंद, सगळं यात मोडतं. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नव्या संहितेत कैद वाढवली आणि दंडाचा आकडा इतका किरकोळ का ठेवला, हे मला तरी उमगत नाही. शिवाय फुटेज डिलीट केलं म्हणजे गेलं असं नसतं. डीव्हीआर, म्हणजे फुटेज साठवणारं यंत्र, जप्त होऊन न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेला की उडवलेलं फुटेज पुष्कळदा परत उभं करता येतं. मग तिथे दोन गोष्टी एकदमच दिसतात: गाडीही, आणि फुटेज किती वाजता उडवलं तेही.

नवरा-बायकोला सूट, आईला नाही

वाळपईच्या काकांना कलम २४९ लागतं: गुन्हेगार आहे हे माहीत असून त्याला आसरा देणं. शिक्षेचं प्रमाण इथेही मूळ गुन्ह्यावरून ठरतं, फक्त खुनासारख्या गुन्ह्यात कमाल पाच वर्षं आहे. ‘परीक्षा जवळ आलीय, शांत जागा हवी म्हणून आलाय’ एवढंच काकांना सांगितलं असेल आणि त्यांनी ते खरं मानलं असेल, तर त्यांचा काही गुन्हा नाही. अटकेचा आदेश निघालेल्या किंवा कोठडीतून पळालेल्या माणसाला लपवलं तर कलम २५३, आणि शिक्षा आणखी कडक.

या कलमांत एक अपवाद आहे: गुन्हेगाराच्या पती किंवा पत्नीने आसरा दिला तर तो गुन्हा होत नाही. बायकोने नवऱ्याला पोलिसांच्या हवाली करावं अशी अपेक्षा कायदा ठेवत नाही. पण अपवाद तिथेच संपतो. आई नाही, बाप नाही, भाऊ नाही, बहीण नाही. एकत्र कुटुंबात मुलाला घरात घेणाऱ्या आईची गणना कायदा परक्या माणसांत करतो. ज्या देशात चाळिशीतला मुलगाही आईच्याच हातचं जेवतो, तिथे हे जरा विचित्रच वाटतं. ब्रिटिशांनी १८६० मध्ये आखलेली चौकट आपण २०२३ मध्ये नव्याने लिहिताना तशीच ठेवली, आणि मला वाटतं, ती संधी हुकली. न्यायाधीश शिक्षा देताना नातं लक्षात घेऊ शकतात, पण दोषी ठरण्यातून सुटका नाही.

आणि पत्नीची सूटही लोकांना वाटते तेवढी मोठी नाही. ती फक्त आसऱ्यापुरती आहे. नवऱ्याला माळ्यावर झोपवलं, दोन वेळ जेवू घातलं, तर गुन्हा नाही. त्याचा रक्ताने माखलेला शर्ट पुरावा मिटावा म्हणून चुलीत घातला, तर सरळ कलम २३८, तिथे पती-पत्नीचा अपवाद नाही.

साक्षीचा नियम पुन्हा वेगळा. लग्नाच्या काळात नवऱ्याने बायकोला जे सांगितलं ते कोर्टात सांगायला तिला भाग पाडता येत नाही, आणि त्याच्या संमतीशिवाय तिला ते सांगायची परवानगीही नसते. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२८ तसं म्हणतं. एकाने दुसऱ्याविरुद्धच केलेल्या गुन्ह्यात हे संरक्षण नाही. आणि ते आहे बोलण्याला, कृतीला नाही. १९५४ च्या राम भरोसे खटल्यात नवऱ्याने बायकोला काय सांगितलं ते वगळलं गेलं. पण पहाटे तो छपरावरून उतरला, आंघोळ केली, धोतर नेसला, हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं सर्वोच्च न्यायालयाने पुरावा म्हणून ग्राह्य धरलं.

गप्प राहणं हा गुन्हा आहे का?

शेजारच्या मावशींनी रात्री खिडकीतून गाडी धुताना पाहिलं आणि त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. त्यांचं काय? बहुधा काही नाही. दिसलेला प्रत्येक गुन्हा पोलिसांना कळवलाच पाहिजे असा सरसकट नियम आपल्याकडे नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ३३ मध्ये ठरावीक गंभीर गुन्ह्यांची यादी आहे. खून, सदोष मनुष्यवध, दरोडा, खंडणीसाठी अपहरण वगैरे त्यात येतात. यातलं काही माहीत असून सबळ कारण नसताना कळवलं नाही, तर कलम २३९ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. निष्काळजीपणाने झालेला मृत्यू त्या यादीत नाही.

गाडीच्या मालकाची गोष्ट निराळी. त्या वेळी गाडी कोण चालवत होतं, हे पोलिसांनी विचारल्यावर सांगणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ ने त्याला बंधनकारक आहे. गाडी बाबांच्या नावावर असेल तर गप्प बसण्याची सोयही त्यांना फारशी उरत नाही.

एका बाबतीत मात्र गप्प राहायला कुणालाच मुभा नाही: मुलांवरचे लैंगिक अत्याचार. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा प्रकार घडला किंवा घडण्याची शक्यता आहे हे कळल्यावर शिक्षक, डॉक्टर, शेजारी, नातेवाईक, कुणालाही तो कळवावाच लागतो. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा प्रकार दडपला तर एक वर्षापर्यंत. ‘शाळेचं नाव खराब होईल’ हे कारण इथे चालत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या वसतिगृहाच्या प्रकरणात माहिती असून न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला आणि न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं बजावलं.

मावशींनाही एक मर्यादा आहे. पोलीस जबाबाला आले आणि त्या म्हणाल्या, “त्या रात्री मुलगा घरातच होता, माझ्याशी पत्ते खेळत होता”, तर त्यांनी गप्प राहण्याची रेघ ओलांडली. जाणूनबुजून खोटी माहिती देणं कलम २४० मध्ये येतं, दोन वर्षांपर्यंत. पोलीस जबाब शपथेवर नसतो आणि त्यावर सही घ्यायची नसते, म्हणून तिथे काहीही ठोकून दिलं तरी चालतं, हा समज चुकीचा आहे.

मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब किंवा कोर्टातली साक्ष शपथेवर असते, तिथे खोटं बोलण्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. कोर्टात खपवण्यासाठी पुरावा रचला तरी तेवढीच. मुलगा त्या रात्री काणकोणला होता हे दाखवायला मित्राच्या गेस्ट हाउसच्या रजिस्टरात मागची तारीख घालून नोंद केली, तर लिहिणारा मॅनेजरही आत. प्रत्यक्षात अशा शिक्षा क्वचित होतात. फितूर साक्षीदारांच्या बातम्या आपण नेहमी वाचतो, त्यांना पुढे काय झालं ते वाचत नाही. कारण साधं आहे: खोट्या साक्षीचा खटला चालवायला खुद्द त्या न्यायालयाने लेखी तक्रार करावी लागते, आणि आधीच्या खटल्यांनी दबलेलं न्यायालय नवा खटला अंगावर घ्यायला सहसा तयार नसतं. गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या खटल्यातल्या मुख्य साक्षीदाराने जबाब वारंवार फिरवला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एक वर्षाची कैद दिली, तीही न्यायालयाच्या अवमानाखाली. कलम २३८ ला मात्र न्यायालयाच्या तक्रारीची गरज नाही. त्यामुळे कोर्टात खोटं बोलणारा सुटतो आणि घरी बंपर धुणारी अडकते, असंही घडू शकतं.

‘आपसात मिटवून टाकूया’

हे वाक्य गावात कुणीतरी म्हणतंच. पंच मध्यस्थी करतो, स्कूटरस्वाराच्या घरी पाकीट जातं, ‘तक्रारीत गाडीचा नंबर सांगू नका’ एवढीच विनंती. गुन्हा दडपण्यासाठी पैसे घेणं कलम २५० आणि देणं कलम २५१. म्हणजे ज्याच्या घरातला माणूस गेला तोही आरोपी. कायद्याने तडजोड होऊ शकणारे गुन्हे यातून वगळले आहेत, पण निष्काळजीपणाने झालेला मृत्यू त्या तडजोडयोग्य यादीत नाही. नुकसानभरपाईचा रस्ता वेगळा आणि उघडा आहे: मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. तिथे विमा कंपनी पैसे देते, पण त्यासाठी अपघातातली गाडी कुठली ते आधी उघड व्हावं लागतं. पाकीट घेऊन नंबर लपवणारं कुटुंब बहुधा पाकिटापेक्षा कितीतरी मोठ्या रकमेवर पाणी सोडतं.

मग बाबांनी त्या रात्री काय करायला हवं होतं? १०८ ला फोन, हे पहिलं. त्यानंतर गाडी आहे तशी ठेवायची, पाण्याचा थेंब लावायचा नाही, फोनमधलं काही पुसायचं नाही आणि वकिलाला गाठायचं. स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती मुलावर करता येत नाही. संविधानाच्या कलम २० ने त्याला गप्प राहण्याचा हक्क दिलाय आणि तो वापरला म्हणून त्याच्यावर नवा गुन्हा लागत नाही. वकिलाला सांगितलेलं गुप्त राहतं. अशिलाच्या संमतीशिवाय वकील ते उघड करू शकत नाही. मात्र ‘वकीलसाहेब, बंपर कुठे टाकू?’ असं विचारलं, तर ते संभाषण या संरक्षणात बसत नाही. झालेल्या गुन्ह्याबद्दल सल्ला मागता येतो, नवा गुन्हा करण्यासाठी मागता येत नाही.